विहिरीतला नवरा

भुताच्या गोष्टीत भुताला काहीतरी हवे असते, हे आपण गृहीत धरूनच बसलेले असतो. कुणाला सूड हवा असतो, कुणाला न्याय, कुणाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला असतो. जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांच्या ‘आई नो बोरेई’ या १९७८ सालच्या चित्रपटातले भूत मात्र रात्री आपल्याच घरी येते, चुलीजवळ आपल्या नेहमीच्या जागी बसते आणि बायकोने दारू ओतून द्यावी म्हणून वाट पाहते. याच बायकोने आणि तिच्या प्रियकराने तीन वर्षांपूर्वी त्याचा गळा आवळून त्याला जुन्या विहिरीत टाकलेले आहे, आणि त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. जगभर ‘एम्पायर ऑफ पॅशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे असे काही असेल, तर ते हे न बोलणे आहे. ज्याच्या हातात खुनाचा पुरावा आहे, किंबहुना जो स्वतःच पुरावा आहे, तो आरोपच करत नसेल, तर अपराध्याने उत्तर द्यायचे तरी कुणाला?

काळ १८९५ चा आहे. चीनशी झालेले युद्ध जपानने त्याच वर्षी जिंकले होते आणि सक्तीची लष्करभरती, पोलीस, छापील कायदे असे नव्या राज्याचे सारे सरंजाम खेड्यापाड्यांत पोचत होते. गिसाबुरो हा अशाच एका खेड्यातला रिक्षा ओढणारा माणूस. माणसाने ओढायची ही रिक्षा १८७० च्या सुमारास तोक्योत सुरू झाली, पुढे आशियाभर पसरली आणि हिंदुस्थानातही आली; आपल्या माथेरानला ती इतकी टिकली की, सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. माथेरानच्या लाल मातीत चढावर रिक्षा ओढणाऱ्याच्या पोटऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला गिसाबुरोचे दिवसभराचे थकणे समजावून सांगावे लागत नाही. तो घरी येतो, पितो, झोपतो. बायकोला मारत नाही, तिच्यावर ओरडत नाही. तिने केलेल्या सेवेने सुखावणारा, जरासा बावळट, प्रेमळ माणूस आहे तो. ओशिमांनी त्याला दुष्ट केलेले नाही, आणि चित्रपटाच्या साऱ्या गुंत्याचे मूळ इथेच आहे. नवरा छळणारा असता तर आपण सुटलो असतो, सेकीही सुटली असती.

सेकी ही त्याची बायको, दोन मुलांची आई. मुलगी दुसऱ्यांच्या घरी कामाला, धाकटा अजून अंगावर पिणारा. सैन्यातून परत आलेला तोयोजी हा तिच्याहून वयाने पुष्कळ लहान असलेला तरुण काही ना काही खाऊ घेऊन तिच्याकडे येऊ लागतो, आणि एका दुपारी बाळाला घेऊन निजलेल्या सेकीवर तो झडप घालतो. या प्रसंगाविषयी लिहिताना पुष्कळजण ‘प्रेमसंबंध सुरू होतात’ असे म्हणून पुढे सरकतात. मला तसे सरकता येत नाही. आरंभ बळजबरीचा आहे, आणि पुढे सेकीच्या देहात जी ओढ जागी होते ती खरी असली, तरी तिने तो आरंभ पुसला जात नाही. ओशिमा यावर कुठलीही टिप्पणी करत नाहीत. चाळिशीच्या पुढच्या बाईला, जिच्याकडे आजवर कुणी बाई म्हणून पाहिलेच नव्हते, अचानक कुणीतरी वेड्यासारखे हवेसे मानते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो गोंधळ आणि जी टवटवी येते, ती काझुको योशियुकी यांनी फार सूक्ष्मपणे दाखवली आहे. तिचे वय जणू उलट्या दिशेने चालू लागते. चित्रपटाच्या पूर्वार्धात ती तरुण होत जाते आणि उत्तरार्धात, अवघ्या काही प्रसंगांत, म्हातारी.

खुनाचा निर्णय कसा होतो, ते नीट पाहण्यासारखे आहे. पैसा नाही, जमीन नाही, सुटकेचा विचार केलेला बेतही नाही. उन्मादाच्या भरात तोयोजी वस्तऱ्याने सेकीच्या गुप्तांगावरचे केस काढतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की हे नवऱ्याच्या नजरेस पडल्यावाचून राहणार नाही. आता त्याला मारलेच पाहिजे, असे तो म्हणतो. म्हणजे आधी खूण, मग तिच्यामुळे खून. एखाद्या पोरासारखा मत्सर आणि त्यातून आपल्या मालकीचा शिक्का उमटवण्याची हाव, यापलीकडे त्या वस्तऱ्यामागे काही नाही. परंतु एकदा ती खूण देहावर उमटली की पुढचे सारे अटळ होऊन बसते. सेकी नवऱ्याला भरपूर दारू पाजते, तो तृप्त होऊन निजतो, आणि दोघे मिळून दोरीने त्याचा गळा आवळतात. बर्फातून प्रेत ओढत नेऊन रानातल्या एका पडक्या विहिरीत टाकले जाते. नवऱ्याने आयुष्यात अनुभवलेला बायकोच्या हातचा शेवटचा पाहुणचार म्हणजे ती दारू. आणि तो परत येतो तेव्हा तीच मागतो.

गावाला सांगितले जाते की गिसाबुरो तोक्योला कामाला गेला. दोन पिढ्यांपूर्वी ही थाप महिनाभरही टिकली नसती, कारण खेड्यातला माणूस असा उठून जात नसे. आता माणसे खरोखरच शहरांकडे निघालेली होती आणि त्यांची वर्षानुवर्षे खबर न येणे हे काही नवलाचे राहिले नव्हते. मेइजी काळाने, म्हणजे सम्राट मेइजीच्या कारकिर्दीतल्या या आधुनिक होत चाललेल्या जपानने, सेकीला दिलेली एकमेव सवलत ही एवढीच.

पण या थापेचा परिणाम असा होतो की ज्यांनी एकत्र येण्यासाठी माणूस मारला, त्यांना एकत्र येता येत नाही. नवरा तोक्योला असलेल्या बाईच्या घरी परका तरुण दिवसाउजेडी कसा येणार? नवरा जिवंत होता तेव्हा तोयोजी खाऊ घेऊन खुशाल ओट्यावर बसत होता, नवऱ्याशी बोलत होता; आता त्याला चोरून यावे लागते आणि दोघांना तीन वर्षे लोकांसमोर अनोळख्यासारखे वागावे लागते. मला या चित्रपटातला सर्वांत क्रूर विनोद हाच वाटतो, आणि तो भूत अवतरण्याआधीच घडून गेलेला असतो. शिवाय एक गोष्ट दोघांच्या लक्षात येत जाते, जरी ती ते बोलून दाखवत नाहीत: आता एकमेकांना सोडण्याचीही सोय उरलेली नाही. प्रेम आटले असते तरी त्यांना एकमेकांपाशीच राहावे लागले असते. अपराधाने त्यांचे लग्न लावून टाकले आहे, आणि गावातल्या कुठल्याही लग्नापेक्षा ते पक्के आहे.

दर शरद ऋतूत तोयोजी रानातली वाळलेली पाने गोळा करतो आणि त्या विहिरीत नेऊन ओततो. हे दृश्य योशिओ मियाजिमा यांनी विहिरीच्या तळातून वर पाहत टिपले आहे. कॅमेरा खाली, प्रेताच्या जागी. वर आभाळाचे एक वाटोळे छिद्र, त्याच्या कडेवर तोयोजीची काळी आकृती, आणि तिथून हळूहळू तरंगत आपल्या अंगावर येणारी पाने. पहिल्यांदा पाहताना मी त्या पानांच्या देखणेपणातच गुंतलो होतो. नंतर जाणवले की प्रेक्षकाला या क्षणी गिसाबुरोच्या ठिकाणी निजवले आहे, आणि वरून आपल्याला बुजवले जात आहे. तोयोजी हे का करतो, हे तो स्वतःही धड सांगू शकला नसता. प्रेत झाकायचे, एवढ्यासाठी तीन वर्षांनंतर पाने ओतण्याचे कारण नाही. त्यात भीती आहे, लपवण्याची सवय आहे, आणि मला तरी वाटते, थोडीशी पांघरूण घालण्याची बुद्धीही आहे. हीच पाने पुढे त्याचा घात करतात. गावातल्या जमीनदाराचा मुलगा त्याला विहिरीपाशी पाने टाकताना पाहतो, आणि तोयोजीला आणखी एक खून करावा लागतो. या दुसऱ्या खुनावर ओशिमा फारसे रेंगाळत नाहीत. पहिल्यात जो दाह होता तो यात नाही, नुसता नाइलाज आहे.

मग गिसाबुरो येतो.

जपानी रंगभूमीला आणि चित्रपटाला भुतांची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातले सर्वांत गाजलेले भूत बाईचे आहे. चौथ्या त्सुरुया नाम्बोकुचे ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक १८२५ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, पहिल्यांदा झाले, आणि त्यातली ओइवा, विषाने चेहरा विद्रूप झालेली, नवऱ्याने फसवलेली, त्या नवऱ्याचा पिच्छा पुरवून त्याला वेडापिसा करणारी, पुढच्या दीडशे वर्षांतल्या सगळ्या भुतांची थोरली बहीण ठरली. विहिरीतली भूतबाईही तिथे जुनीच: मालकाच्या दहा ताटल्यांपैकी एक हरवल्याच्या आळापायी जीव गमावलेली ओकिकू रात्री विहिरीतून नऊपर्यंत मोजते आणि दहाव्या आकड्याला टाहो फोडते. या बायका परत येतात, कारण जिवंतपणी त्यांना बोलू दिले गेले नव्हते. ओशिमांनी हे सारे उलटे केले आहे. इथे अन्याय करणारी बाई आहे, आणि विहिरीतून येणारा पुरुष आहे. एवढेच असते तर ती नुसती अदलाबदल झाली असती. मुख्य उलटापालट ही की ओइवाला नवऱ्याचा नाश हवा असतो आणि गिसाबुरोला बायकोचा सहवास.

चुलीपाशी तो बसतो तो प्रसंग असा. घरात अंधार, मध्ये जमिनीतल्या चौकोनी चुलीतले निखारे, आणि त्यांच्या पलीकडे पांढराफटक, निळसर छटेचा चेहरा घेऊन बसलेला गिसाबुरो. तो उडी मारून समोर येत नाही, छतावरून लोंबत नाही. तो आधीपासूनच बसलेला असतो. सेकी किंचाळत नाही, थिजते. तो प्याला धरून राहतो. आणि मग तिचे हात, कित्येक वर्षांच्या सवयीने शिकलेले हात, दारूचे भांडे उचलतात आणि ओततात. ताकाहिरो तामुरा यांनी या भुताला जो चेहरा दिला आहे त्यात राग शोधूनही सापडत नाही. कष्टातून घरी आलेल्या माणसाला असते तेवढीच अपेक्षा त्यात आहे. हा नट म्हणजे मूकपटांच्या काळापासून तलवारबाजीच्या चित्रपटांचा बादशहा मानल्या गेलेल्या बांदो त्सुमासाबुरोचा मुलगा. बापाने पडद्यावर शेकडो माणसे कापली, आणि मुलाच्या वाट्याला आलेल्या या भूमिकेत साधी तक्रारही नाही.

हा प्रसंग पाहताना मराठी माणसाला पिंडाला न शिवणारा कावळा आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे दहाव्याला घाटावर माणसे ताटकळतात, कावळा येत नाही, आणि मग कुणीतरी हात जोडून म्हणते, ‘मुलांचं आम्ही बघू, काळजी करू नका.’ मेलेल्याचे काय राहिले असेल याचा अंदाज जिवंत माणसे बांधत राहतात. जपानातही दर उन्हाळ्यात ओबोनच्या दिवसांत पितरांना दिवे लावून घरी बोलावतात, त्यांचे स्वागत करतात आणि पुन्हा निरोप देतात. गिसाबुरोचे दुर्दैव असे की त्याला कुणी बोलावू शकत नाही आणि म्हणून निरोपही देऊ शकत नाही, कारण तो मेलाच नाही, तोक्योला आहे. त्याला मृताचा मान मिळायचा असेल तर सेकीला आधी खून कबूल करावा लागेल. तो परत येतो यात त्याची काही चूक नाही. जाण्याचा रस्ता त्याच्यासाठी मोकळाच केलेला नाही. पुढे तो तिला रात्री आपल्या रिक्षात बसवून धुक्यातून ओढत नेतो, तेव्हा ओळखीची वाट ओळखीची राहत नाही आणि घर काही येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या घरी सोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची वाट सापडू नये, यातले कारुण्य ओशिमांनी कुठेही अधोरेखित केलेले नाही.

मियाजिमा हे छायालेखक, तोरु ताकेमित्सु हे संगीतकार आणि कलादिग्दर्शक तोदा, या तिघांनी मासाकी कोबायाशी यांच्या १९६४ च्या ‘काइदान’ या चार भूतकथांच्या चित्रपटावरही काम केले होते. तिथे सारे जग स्टुडिओत रंगवलेले होते, आभाळसुद्धा. त्यामुळे भीती देखणी झाली आणि दूरही राहिली. इथे रान खरे आहे, चिखल खरा आहे, बर्फ खरे आहे, आणि त्यात हे भूत येते. म्हणून ते अधिक जवळचे वाटते, हे कबूल करूनही मला ‘काइदान’ची चित्रे जास्त आठवतात आणि या चित्रपटातली माणसे. ताकेमित्सुंचे संगीत मात्र दोन्हीकडे तितकेच बेचैन करणारे.

ओशिमांची त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या चित्रपटाचा संयम कळत नाही. १९७६ मध्ये त्यांनी फ्रेंच निर्माते अनातोल दोमाँ यांच्यासोबत ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ केला. प्रियकराचा गळा आवळून जीव घेणाऱ्या सादा आबे या बाईच्या १९३६ मधल्या प्रकरणावरचा तो चित्रपट त्यातल्या उघड संभोगदृश्यांमुळे जगभर गाजला आणि जपानात कात्रीत सापडला. त्याची पटकथा आणि छायाचित्रे छापणाऱ्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ओशिमा १९७९ मध्ये निर्दोष सुटले आणि १९८२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे ‘आई नो बोरेई’ बनत होता तेव्हा डोक्यावर खटला होता. न्यायालयात त्यांनी मांडलेली भूमिका प्रसिद्ध आहे: जे व्यक्त होते ते अश्लील नसते, जे लपवले जाते ते अश्लील असते. नव्या चित्रपटासाठी पुन्हा दोमाँच निर्माते आणि पुन्हा तात्सुया फुजीच नायक होता, त्यामुळे लोकांनी आधीच्याच चित्रपटाची दुसरी आवृत्ती अपेक्षिली. मिळाली ती लपवण्याची गोष्ट. आधीच्या चित्रपटातले प्रेमिक दार लावून जगाला बाहेर ठेवतात आणि त्यांना कशाचीही लाज नाही. इथल्या प्रेमिकांच्या घराला गावाचे डोळे आणि कान चिकटलेले आहेत. न्यायालयात जे ते वाक्यातून सांगत होते, ते पडद्यावर त्यांनी एका विहिरीतून सांगितले, असे मला वाटते. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाने १९७८ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान दिला. त्याच वर्षी तिथे सर्वोच्च सन्मान मिळाला तो एरमान्नो ओल्मी यांच्या इटलीतल्या कुळांवरच्या चित्रपटाला, आणि त्याचाही काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचाच. ओल्मींच्या खेड्यात गरिबी माणसांना एकमेकांशी बांधते. ओशिमांच्या खेड्यात एकमेकांवर पाळत ठेवायला लावते.

या गोष्टीत एक कायदेशीर बारकावा आहे, जो चित्रपट बोलून दाखवत नाही, पण मला त्याच्यावाचून शेवट पाहता येत नाही. १८८० च्या जपानी दंडसंहितेत विवाहित स्त्रीचा व्यभिचार हा तुरुंगवासाचा गुन्हा होता, पुरुषाचा तसा नव्हता, आणि ही विषमता पुढे १९४७ पर्यंत टिकली. मात्र त्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी नवऱ्याची फिर्याद लागत असे. सेकीच्या प्रेमाबद्दल तिला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार गावात एकट्या गिसाबुरोला होता. तो विहिरीत आहे, रोज रात्री येऊ शकतो, आणि फिर्याद करत नाही.

फिर्याद करते ते गाव. कुजबुज सुरू होते, गिसाबुरो लोकांच्या स्वप्नांत येऊ लागतो, आणि मग हॉत्ता हा पोलीस अधिकारी येतो. ताकुझो कावातानी यांनी रंगवलेला हा माणूस अर्धवट विनोदी आहे, आणि ओशिमांचे माझ्याशी फक्त इथे बिनसते. त्याचे हसू आणणारे चाळे चित्रपटाची वीण सैल करतात. शेवटी त्याच माणसाने जे करायचे आहे ते पाहता हा विनोद मुद्दाम पेरला असेलही, तरी तो बेसूर वाटतो. दोघे प्रेमिक शेवटी प्रेत बाहेर काढण्यासाठी स्वतः विहिरीत उतरतात, तीन शरद ऋतूंची कुजलेली पाने उपसतात, आणि त्या तळाशी सेकीची दृष्टी जाते. भुताने दिलेली एवढीच शिक्षा, ती शिक्षा असेल तर. मला ती शिक्षाही वाटत नाही. ज्या अंधारात त्याला ठेवले होते, त्या अंधारात त्याने तिला सोबतीला घेतले असावे.

नंतर पोलीस दोघांना झाडाला टांगून झोडपतात. कबुलीसाठी छळ करण्याची पद्धत जपानने १८७९ मध्येच कायद्याने रद्द केली होती, म्हणजे हे सारे नवे राज्य आपल्याच कागदाविरुद्ध करत असते, आणि सगळा गाव भोवती उभा राहून पाहत असतो. आंधळी सेकी आणि तोयोजी तिथेही एकमेकांच्याच दिशेने कलतात. विहिरीतून गिसाबुरोला वर काढले जाते. दोघांना देहदंड झाल्याचे निवेदकाचा आवाज कोरडेपणाने सांगतो, आणि ती शिक्षा आपल्याला दाखवली जात नाही. चित्रपट इथे थंड पडतो, अशी तक्रार मी ऐकली आहे आणि ती मला मान्य नाही. ओशिमांनी दहा वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, फाशी या एकाच विषयावर संपूर्ण चित्रपट काढला होता. राज्य माणसाला कसे मारते हे दाखवायला त्यांचा हात आखडत नसे. इथे ते दाखवत नाहीत, कारण या प्रकरणात ज्याचे देणे होते तो गिसाबुरो एव्हाना वर आलेला असतो, आणि उरलेला व्यवहार सरकारचा आहे.